सातव्या घावानंतर

फार फार पूर्वी, राजे वाड्यात कमी आणि डेऱ्यात जास्त राहत, त्या काळी एका डोंगराळ राज्यात ठकू नावाची एक बाई मेखा तासत असे.

मेख म्हणजे डेऱ्याची जाड लाकडी खुंटी. डेऱ्याचा खांब कितीही उंच असला, तरी त्याच्या माथ्यापासून निघालेला दोर शेवटी खाली येतो आणि या हातभर लाकडाला बांधला जातो. डेरा उभा राहिला की लोक वर पाहतात. कापडाचा रंग पाहतात, झालर पाहतात, कळस पाहतात. मेखेकडे कोणी पाहत नाही. पाहिलेच, तर ठेच लागल्यावर.

ठकू मात्र पाहत असे. मुक्काम उठला की मेखा पुन्हा टोक काढायला तिच्याकडे येत. ती प्रत्येक मेख हातात घेऊन आधी फिरवून बघे आणि मग कोयता उचली. टोकाला चिकटलेल्या मातीवरून डेरा कुठे पडला होता ते तिला कळे. लाल माती दिसली की म्हणे, "घाटापलीकडे गेली होतीस वाटतं." हे तिला कोणी सांगितलेले काम नव्हते. पन्नाशी आली तरी तिची ही खोड गेली नव्हती.

गावाच्या कडेला बाभळीचे एक रान होते. मेखांच्या कामाबद्दल ते राजाच्या आजोबांनी ठकूच्या आजीला दिले होते. त्याच रानात ठकूचे घर होते, आणि घरात ठकू आणि तिची काबरी नावाची ठिपक्यांची शेळी, एवढीच माणसे होती. शेळीला ती माणसांतच धरी.

डेरे उभारणारे फरास वेगळे. त्यांचा एक नाईक होता. त्याच्या आजोबांनी एकदा मोठ्या वादळात सगळ्या छावणीत एकटा राजाचा डेरा उभा ठेवला होता. तेव्हापासून त्या घराण्याला मान होता आणि एक रीत होती. प्रत्येक मेखेला मोगरीचे, म्हणजे जड लाकडी हातोड्याचे, सात घाव. एकजण ठोके आणि बाकीचे मोठ्याने मोजत. "सात!" म्हटले की मोगरी खांद्यावर आणि पाय पुढच्या मेखेकडे. सहा नाहीत, आठ नाहीत. एका नव्या फरासाने एकदा आठवा घाव मारला, तर नाईक त्याच्याशी तीन दिवस बोलला नाही.

राजाची वर्षाची सभा किल्ल्याजवळच्या उंच पठारावर भरत असे. त्या वर्षी चैत्रात वरच्या आणि खालच्या गावांचा पाटाच्या पाण्यावरून मोठा तंटा होता, आणि त्याचा निवाडा व्हायचा होता. पठार चढताना म्हाताऱ्यांना धाप लागते हे राजाच्या लक्षात आले. त्याने सभा पहिल्यांदाच खाली आणली, आटलेल्या तळ्याच्या सपाट पात्रात. जागा ऐसपैस, चढ नाही, दगड नाही. सगळ्यांनी राजाचे कौतुक केले.

सर्वांत जास्त खूश झाले ते फरास. पठारावर मेख ठोकताना हाताला झिणझिण्या येत. इथे सातव्या घावाला मेख डोक्यापर्यंत जमिनीत! सभेच्या मांडवाच्या चोवीस दोरांच्या चोवीस मेखा ठोकून झाल्या तरी कुणाला घाम नव्हता. नाईक मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "अशा गच्च मेखा आमच्या आजोबांनीसुद्धा ठोकल्या नसतील."

दुपारी वावटळ आली. फार मोठी नव्हती. पण मांडव एकदा फुगला, दोनदा फुगला आणि तिसऱ्यांदा चोवीस मेखांसकट उचलला गेला. खांब आडवे झाले. माणसे कापडाखालून रांगत बाहेर आली. राजाच्या आईचा हात मोडला. पाण्याचा निवाडा राहिला बाजूला.

राजाने नाईकाला बोलावले. नाईक म्हणाला, "महाराज, मेखा डोक्यापर्यंत गाडल्या होत्या. हजार डोळ्यांनी पाहिलंय. सात घाव मोजून मारले होते. तरी निघाल्या, म्हणजे लाकूड वाईट. दुसरं काय असणार?"

राजाचे लक्ष आईच्या हाताकडे होते. तो म्हणाला, "सभा पुढच्या पौर्णिमेला इथेच भरेल. तेव्हा मांडव पडला, तर ठकूचं काम आणि बाभळीचं रान दुसऱ्याला देईन."

दुसऱ्या दिवशी एका फरासाने मेखांचे पोते ठकूच्या अंगणात आणून टाकले.

"नाईकांनी सांगितलंय, सरपणाला वापर," तो म्हणाला.

"आणि जमिनीला काही सांगितलं का नाईकांनी?"

"जमिनीला?"

"काही नाही. जा तू."

रान जाणार या विचाराने रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. पण पोते उलटे केले आणि तिचे सगळे लक्ष मेखांकडे गेले. लाकूड वाईट असते तर ते मोडले असते. चोवीसांतली एकही मेख मोडली नव्हती. मोडणे सोडा, एकीला साधी चीर नव्हती. आणि डोकी? पठारावरून परत आलेल्या मेखांची डोकी चावलेल्या दातवणासारखी फुलारलेली असत. ही डोकी गुळगुळीत होती, तिने तासून दिली होती तशी.

"सात घाव तिथेही, सात घाव इथेही," ठकू स्वतःशीच म्हणाली. "मग इथल्या मेखांना लागलं कसं नाही?"

चुलीवर भाकरी करपली. तिला वास आला, पण भाकरी उतरवायला हवी हे काही सुचले नाही.

सकाळी ती एक मेख आणि मोगरी घेऊन तळ्याच्या पात्रात गेली. काबरीला घरी ठेवले तर ती छपराचे गवत खाते, म्हणून तीही बरोबर. ठकूने मेख ठोकली आणि सात मोजले. मेख डोक्यापर्यंत आत गेली. तिने काबरीला त्या मेखेला बांधले आणि खांब कुठे होते ते पाहायला पुढे गेली.

थोड्या वेळाने काबरी तिच्या शेजारून चालत गेली. गळ्यात दोर, दोराच्या टोकाला मेख, आणि मेख मागून उड्या मारत येत होती. लांब काठावर काहीतरी हिरवे दिसले होते, तिकडे बाईसाहेब निघाल्या होत्या. धावत नव्हत्या, ओढत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या.

दुसरे कोणी असते तर शेळीमागे पळाले असते. ठकू पळाली मेखेच्या भोकाकडे. तिने त्यात हात घातला. वर वीतभर वाळलेली कडक पापडी, आणि खाली? खाली गार, ओला, पिठल्यासारखा गाळ. तळे वरून आटले होते, पोटातून नाही. खांबांच्या जागी तर खांब स्वतःच टीचभर खाली रुतल्याच्या खुणा होत्या. खांब रुतला की दोर सैल पडतो, आणि सैल दोराला वारा हिसके देतो.

दुपारी ती शेळीला घेऊन पठारावर चढली. तिथल्या मुरमातही सात घाव मारले. मेख जेमतेम निम्मी गेली. निम्मी वर राहिली, बघणाऱ्याला वाटावे की आत्ता पडेल. तिला बांधलेली काबरी संध्याकाळपर्यंत ती मेख ओढत होती. शेवटी शेळीने बसकण मारली आणि ठकूकडे पाठ फिरवली.

खाली येताना ठकू चालता चालता थांबे आणि पुन्हा चाले. जी निम्मी बाहेर होती, तिने धरले. जी पूर्ण आत होती, ती सुटली. आत घेताना ज्या जमिनीने हूं की चूं केले नाही, तिने बाहेर सोडतानाही केले नाही.

मग तिने दुप्पट लांब मेखा तासून तळ्याच्या पात्रात ठोकल्या. त्यांनी काबरीला दाद दिली नाही. पण मांडव म्हणजे शेळी नव्हे, म्हणून तिने शेजारच्या तेल्याचा बैल मागून आणला.

तेली म्हणाला, "ठकूबाई, काल शेळी, आज बैल. उद्या हत्ती मागशील."

"आहे का तुझ्याकडे?"

"नाही गं बाई!"

"मग बैलच दे."

बैलाने एका हिसक्यात दुप्पट लांबीची मेखही उपटली. तिरपी ठोकली, थोडी जास्त टिकली, पण तीही उपटली. आठ दिवस असे गेले. गावात लोक म्हणू लागले, रान जाणार म्हणून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. पोरेबाळे काठावर बसून बैलाला ओरडून जोर देत.

नवव्या दिवशी काबरी तळ्याच्या पात्रातच उगवलेल्या एका रोपट्याला झोंबत होती. बाभळीचेच रोप, अंगठ्याएवढे जाड. पाला संपवून ती आता खोडच ओढू लागली होती. रोप वाकत होते, पण निघत नव्हते. ठकू बघत राहिली. मग तिने स्वतः ओढले. मग बैलाला लावले. बैलाने जोर केला तेव्हा रोप मोडले, पण उपटले नाही.

अंगठ्याएवढे रोप, त्याच गाळात!

ठकूने खुरपे घेतले आणि त्याच्या बुडाशी खणायला बसली. कमरेएवढे खणले तेव्हा तिला ते दिसले. एक मूळ सरळ खाली गेले होते, पण बाकीची सगळी मुळे आडवी, हात पसरल्यासारखी. त्यांच्यावर गाळाचे ओझे बसले होते. ओढणाऱ्याला नुसते रोप ओढायचे नव्हते, वरची सगळी जमीन उचलायची होती.

"आयुष्यभर बाभळीच्या मेखा तासल्या," ठकू काबरीला म्हणाली, "आणि बाभूळ स्वतः कशी उभी राहते ते बघायला तुझी गरज लागली."

तिने घराजवळच्या बाभळीची एक मांडीएवढी जाड फांदी तोडली. तळ्याच्या पात्रात कमरेएवढा खड्डा खणून फांदी त्यात आडवी ठेवली, मधोमध दोर बांधून त्याचे टोक वर घेतले आणि माती थराथराने टाकून पायांनी चोपली. मग त्या दोराला बैल जुंपला. बैलाने ओढले. दोर ताणून वाजू लागला. बैलाने पुन्हा ओढले, आणि मग मान वळवून ठकूकडे असे पाहिले, की झाले एवढे पुरे.

पौर्णिमेला आठ दिवस उरले होते. ठकू नाईकाकडे गेली. नाईक अंगणात बसून फाटलेल्या कापडाची शिवण तपासत होता.

"ये ठकूबाई. नवं लाकूड सापडलं का?"

"लाकूड जुनंच चांगलं आहे. जमीन वाईट आहे. म्हणजे वाईट नाही, वेगळी आहे. एकदा येऊन बघा."

"काय बघू? मी ऐकलंय, तू शेळीला डेरे शिकवतेस."

"ती मला शिकवतेय. तुम्हालाही शिकवील, तिचं काही मागणं नाही. थोडा शेवरीचा पाला दिला तरी चालतं."

फरास हसले. नाईक नाही हसला. पण दुपारी, तळ्यावर चिटपाखरू नसताना, तो एकटाच आला. त्याने स्वतः मेख ठोकली. ओठांतल्या ओठांत सात मोजले. मेख डोक्यापर्यंत गेली. ठकूने काबरीला बांधले आणि वीस पावलांवर शेवरीची एक डहाळी धरली. काबरी निघाली. मागून मेख निघाली.

"शिकवलेली आहे," नाईक म्हणाला.

"मग तुम्ही ओढा."

नाईकाने दुसरी मेख ठोकली, वाकला आणि दोन्ही हातांनी ओढली. ती इतकी सहज आली की तो मागच्या मागे बसला. हातातल्या मेखेचे टोक ओले होते.

"मी सगळ्यांसमोर तुझं लाकूड वाईट म्हणालो," तो म्हणाला.

ठकूने काबरीच्या दोराची मेख सोडून घेतली.

"पण सात घाव खोटे कसे? आजोबांचा डेरा वादळात उभा राहिला, तो याच सात घावांवर."

"कुठे उभा राहिला होता?"

"पठारावर. तेव्हा सगळे मुक्काम पठारावरच असायचे."

"आणि सातवा घाव झाला की आजोबा काय करायचे? मोगरी खांद्यावर टाकून पुढे जायचे?"

"हो. म्हणजे..." नाईक बोलता बोलता थांबला. त्याची नजर लांब कुठेतरी गेली. "नाही. आधी लाथ मारायचे."

"कुणाला?"

"मेखेला! सातवा घाव झाला की आजा मेखेला करकचून लाथ मारायचा. मेख हलली तर शिव्या द्यायचा आणि दुसरी जागा धरायचा, नाहीतर पुन्हा ठोकायचा. आम्ही लहान होतो. आम्हाला वाटायचं, म्हातारा चिडका आहे." नाईकाने मेख जमिनीवर ठेवली. "आम्ही त्याचे सात घाव घेतले, आणि राग त्याच्याबरोबर गेला म्हणून सोडून दिला."

ठकूने त्याला गाळात आडव्या पुरलेल्या फांदीचा दोर दाखवला आणि बैल कसा हरला ते सांगितले. मग नाईकाने विचारले, "ती फांदी किती खोल पुरायची म्हणालीस?"

ठकूने आपल्या रानातून चोवीस जाड फांद्या तोडल्या. जे रान वाचवायचे होते, त्यातल्याच. फरासांनी खड्डे खणले. खांबांच्या बुडाशी रुंद सपाट दगड बसवले, म्हणजे खांब रुतायला नकोत. माती चोपताना एका फरासाने चाचरत विचारले, "नाईक, मोजायचं का?"

"मोज की. सात मोज. आणि मग बैल जुंप."

पौर्णिमेला सभा भरली. राजाची आई हात गळ्यात बांधून आली आणि मुद्दाम मांडवाच्या मधोमध बसली. ठकू मागे, शेवटच्या दोराजवळ उभी होती. वरच्या गावाचे म्हणणे झाले, खालच्या गावाचे सुरू झाले, आणि वारा आला.

मागच्यापेक्षा मोठा होता. मांडव फुगला. लोक उठू लागले. चोवीस दोर एकदम ताणले आणि गुणगुणल्यासारखा आवाज झाला. ठकूने पायाजवळच्या जमिनीकडे पाहिले. दोर जिथे जमिनीत शिरत होता तिथे मातीला केसाएवढी भेग पडली. ती रुंद होते का, हे ती वाकून बघत राहिली. भेग तेवढीच राहिली. एका कोपऱ्यात कापड टरकन फाटले, त्यातून वारा निघून गेला, खांब करकरले आणि उभे राहिले.

"बसा," राजाची आई म्हणाली. "पाण्याचं काय ते ठरवा आधी."

निवाडा झाला. दोन्ही गावांना पाण्याचे दिवस वाटून मिळाले. मग राजाने ठकूला आणि नाईकाला पुढे बोलावले. नाईकाने शेळीपासून लाथेपर्यंत सगळे सांगितले, स्वतः मागच्या मागे बसल्याचेही. सभा हसली. राजा हसता हसता गंभीर झाला.

"ठकूबाई, मी तुला एका शब्दानं विचारलं नाही आणि निकाल दिला."

ठकू म्हणाली, "महाराज, सातव्या घावाला थांबलात. लाथ मारून बघायची राहिली."

मग पहिल्यांदा राजाची आई हसली, आणि मग राजा.

"रान तुझंच," राजा म्हणाला. "आणि आता हुकूम काढतो. यापुढे राज्यात प्रत्येक डेऱ्याला अशीच आडवी लाकडं पुरायची."

"नको, नको महाराज!" ठकू घाबरून पुढे आली. "पठारावरच्या मुरमात कमरेएवढा खड्डा खणता खणता सभा उठायची वेळ होईल. तिथे साधी मेखच बरी. हुकूम काढायचाच तर लाथ मारायचा काढा."

तसा हुकूम निघाला. पुढे त्या राज्यात डेरा कुठेही पडो, फरास सात मोजत आणि मग मेखेला लाथ मारत. हलली तर जमिनीत हात घालून बघत आणि मग काय करायचे ते ठरवत. लाथ मारताना तोंड चिडके करायचे, अशीही रीत पडली. ती कशासाठी हे नव्या फरासांना ठाऊक नसे. ठकू म्हातारी झाल्यावर त्यांना अंगणात बसवून सांगे, आणि शेजारी काबरीची नात कोणाच्या तरी पागोट्याचा शेव चघळत उभी असे.

म्हणून, लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: वाडवडिलांची रीत घ्याल तेव्हा तिच्यातला नुसता आकडा घेऊ नका, तिच्यातली पारखही घ्या, कारण पायाखालची जमीन बदलली की आकडा उपटून येतो, पारख तेवढी टिकते.